दगडी, इंजेक्शन आणि आपला हप्ता

(महासंघाच्या सहामाही सभेत बिबवेवाडीला मी जे बोलले ते हे. सभेनंतर बऱ्याच जणींनी "लिहून द्या, घरी वाचून दाखवू" असं सांगितलं म्हणून अंकात देत आहे. मध्येच विचारलेले प्रश्न तसेच ठेवलेत.)

मागच्या ताया, आवाज येतोय ना? पंख्याखाली जागा असेल तर आजींना द्या.

आज मला बँक जोडणीवर बोलायला सांगितलं होतं. ते कागद मी आणलेत, जेवणानंतर वाटते. पण आधी मला गाईबद्दल बोलायचंय. या हॉलमध्ये दोन तऱ्हेच्या बायका बसल्यात. अर्ध्याजणी भोर, पुरंदर, राजगड म्हणजे आपलं वेल्हे, हवेली इथून पहाटेच्या एसटीने आल्यात. त्या निघण्याआधी धार काढून, डेअरीला दूध घालून आल्यात. हात वर करा बरं... हां. आणि अर्ध्याजणी इथल्याच, बिबवेवाडी, अप्पर, धनकवडीच्या. त्यांनी सकाळी पिशवी फोडली आणि चहा टाकला. जिल्हा संघाची कात्रज डेअरी इथून जवळच आहे. म्हणजे तिकडच्या ताईने काढलेलं दूध इकडच्या ताईच्या पातेल्यात येत असेल, आणि दोघी आज एकाच सतरंजीवर बसल्या असतील. म्हणूनच हा विषय आज इथे काढला.

विषय आहे दगडी. पुस्तकात कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात, डॉक्टर मस्टायटिस म्हणतात. आपण म्हणतो, "कास दगडासारखी झाली, दगडी झाली." आणि त्या दगडीवरचं औषध आता का लागू पडत नाही, ते.

भोर तालुक्यातल्या एका वाडीतल्या ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगतेय, नाव घेणार नाही. त्या इथे बसल्यात की नाही तेही सांगणार नाही, माना वळवू नका. त्यांनी गटातून कर्ज काढून एक संकरित गाय घेतली. गाय चांगली, दोन्ही वेळचं मिळून बारा लिटरच्या आसपास. व्याल्यावर दहा-बारा दिवसांनी मागचा उजवा सड सुजला. दुधात बारीक गुठळ्या. रात्रीची वेळ, सरकारी दवाखाना लांब. गावात मोटारसायकलवर येणारा एक मुलगा आहे, त्याला फोन केला. त्याने इंजेक्शन दिलं, सडात एक ट्यूब सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. सूज उतरली. तिसऱ्या दिवशी ताईंनी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं, कारण प्रत्येक फेरीचे पैसे आणि गाय तर बरी दिसत होती.

त्या मुलाला इथे शिव्या घालायच्या नाहीत हं. रात्री दहाला चिखलातून तोच येतो. पण तो डॉक्टर नाही, आणि ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, हेही खरं.

तीन आठवड्यांनी तोच सड पुन्हा. पुन्हा तेच इंजेक्शन, पुन्हा दोन दिवस. मग महिन्याने पुन्हा, आणि आता शेजारचा सडही. या वेळी औषध बदललं, जास्त भारीचं आणलं. मग आणखी भारीचं. शेवटी तालुक्याच्या पशुवैद्यकांनी दुधाचा नमुना तपासणीला पाठवला. चार दिवसांनी कागद आला. मी तो कागद पाहिलाय. एका बाजूला औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे हे औषध या जंतूवर चालतं. 'आर' म्हणजे चालत नाही. वरपासून खालपर्यंत बहुतेक ठिकाणी 'आर' होता. ताईंनी मला विचारलं, "मॅडम, ही गाय पास की नापास?"

आता माझी बाजू सांगते, कारण ती लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

त्या महिन्यात मी त्यांच्या गटाच्या मीटिंगला गेले होते. आपल्या महासंघाची परतफेड चांगली आहे याचा मला फार अभिमान. वहीत लाल शेरा दिसला की मला झोप येत नाही, माझ्या सुपरवायझरलाही येत नाही. ताई म्हणाल्या, "या वेळी हप्ता मागेपुढे होईल, गाय आजारी आहे." मी समजुतीच्या सुरात, पण सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, एकीने थांबवला की दुसरी थांबवते. बघा ना काही होतंय का." त्यांनी हप्ता भरला.

कसा भरला, ते मला दोन महिन्यांनी कळलं. त्यांच्या शेजारच्या काकू त्यांच्याकडून रतिबाचं दूध घेतात. त्या सहज बोलून गेल्या, "तेव्हा आठवडाभर दही लागेना. विरजण बदललं, भांडं बदललं, गरम चादरीत गुंडाळून ठेवलं, तरी पाण्यासारखं." माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. ते इंजेक्शनचे दिवस होते. चालू औषधाचं दूध ताईंनी रतिबालाही घातलं होतं आणि कॅनमध्येही ओतलं होतं. आणि ते ओतायला लावणाऱ्यांत मीही होते.

दही का लागलं नाही, हे इथल्या प्रत्येकीला समजेल. दही लावणारे जंतूच असतात, आपल्या कामाचे. अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारणारं औषध. गाईच्या अंगातून ते दुधात उतरतं आणि दह्याचे जंतूही मारतं. म्हणूनच दही, चीज करणाऱ्या डेअऱ्या दूध घेताना अँटिबायोटिकची चाचणी लावतात. अर्थात दही न लागण्याला थंडीसारखी इतर कारणंही असतात, लगेच दूधवालीवर शंका घेऊ नका. आणि दही लागलं म्हणजे दुधात औषध नाहीच, असंही समजू नका.

आता मुख्य गोष्ट. औषध चालेनासं का होतं?

पुष्कळ जणींना वाटतं की गाईच्या अंगाला औषधाची सवय होते. तसं नाही. गाय तीच आहे, जंतू बदलतात. कासेत लाखो जंतू असतात. सगळे सारखे नसतात, त्यांत दोन-चार जन्मतःच हट्टी निघतात. औषध पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस दिलं तर बहुतेक सगळे मरतात आणि उरल्यासुरल्यांना गाईचं अंग स्वतः निपटतं. पण मात्रा अर्धी, दिवस दोनच, किंवा औषधच चुकीचं, तर साधे मरतात आणि हट्टी उरतात. पुढे काय होतं? विरजण आठवा. चमचाभर उरलेलं सकाळपर्यंत पातेलंभर होतं. पुढच्या वेळी जी दगडी होते ती सगळी त्या चमचाभरातून आलेली असते.

त्याहून वाईट म्हणजे हे जंतू एकमेकांना आपला हट्ट देतात. आपण शेजारणीकडून विरजण आणतो ना, तसं. एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही ते देऊ शकतो. त्यामुळे गाईच्या शेणातला हट्टीपणा शेणातच राहील, कासेतला कासेतच राहील, याची खात्री नाही.

दगडीत हे जास्त होतं, याला कारण आहे. दगडी करणाऱ्या जंतूंत एक फार चिवट आहे, स्टॅफिलोकोकस ऑरियस. नाव लक्षात ठेवू नका, स्टॅफ म्हणू. तो कासेच्या आत खोल जाऊन गाठी करून बसतो, पेशींच्या आतही लपतो. औषध तिथपर्यंत नीट पोचतच नाही. वरून सूज उतरते आणि आपल्याला वाटतं बरी झाली. शिवाय त्याच्या कितीतरी जाती पेनिसिलिन मोडून टाकणारा पदार्थ स्वतःच तयार करतात. हा स्टॅफ आपल्याही अनेकांच्या नाकात, हातांच्या कातडीवर असतो. हातातून सडाला, सडातून हाताला. १९७२ साली बेल्जियममध्ये दगडी झालेल्या गाईंच्या दुधात मेथिसिलिनसारख्या औषधालाही न जुमानणारा स्टॅफ सापडला होता. असा स्टॅफ तोवर माणसांच्या दवाखान्यांची डोकेदुखी होता.

पेनिसिलिनवरून आठवलं. पिंपरीला एचए कॉलनी माहितीये ना? माझी एक मावशी तिथे राहायची, मला लहानपणी वाटायचं एचए हे कुणाचं तरी नाव आहे. ती हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची कॉलनी. देश स्वतंत्र झाल्यावर पेनिसिलिन बाहेरून आणावं लागायचं, म्हणून सरकारने १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने ती कंपनी पिंपरीत काढली. म्हणजे हे औषध देशात बनायला लागलं ते आपल्या पुण्याच्या हद्दीत. तेव्हा त्याची इतकी किंमत होती! आणि ज्यांनी पेनिसिलिन शोधलं ते अलेक्झांडर फ्लेमिंग, त्यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना भाषणातच सांगितलं होतं की मात्रा कमी घेतली तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. म्हणजे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

माणसांचं सांगायचं तर २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळेच गेली, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. सगळं खापर गाईवर फोडू नका. सर्दी झाली की मेडिकलमधून दोन गोळ्या आणून खाणारे आपणच, पाकिटावर लाल रेघ असली तरी. लेकराला बरं वाटलं की बाटली कपाटात ठेवून पुढच्या तापाला वापरणारेही आपणच. पण गोठा हा आपल्या हातातला भाग आहे.

(इथे मागून एका आजींनी विचारलं, "मग आता इंजेक्शन द्यायचंच न्हाई का?")

द्यायचं, आजी. गाय तापली, खाली बसली, चारा सोडला, दुधाचं पाणी झालं, तर घरचे उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरला बोलवा. १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, पशुसंवर्धन खात्याचं फिरतं पथक त्यावर येतं. नेहमी वेळेत येतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण नंबर सगळ्यांकडे हवा. माझं म्हणणं इतकंच की इंजेक्शन द्यायचं की नाही, कुठलं, किती दिवस, हे डॉक्टरने ठरवायचं. सुरू केलं की पूर्ण करायचं. आणि पहिलं इंजेक्शन टोचायच्या आधी दुधाचा नमुना काढून ठेवायचा.

हे नमुन्याचं नीट ऐका. औषध दिल्यावर नमुना घेतला तर जंतू वाढतच नाहीत आणि कागद कोरा येतो. मेडिकलमध्ये लघवी तपासणीची निर्जंतुक डबी मिळते, ती घरात एक ठेवा. हात साबणाने धुवा. सड धुवून कोरडा करा, त्याचं टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या टाका. मग डबी आडवी धरून, झाकण उलटं न ठेवता, दोन धारा आत. डबीच्या आत बोट नको. वर गाईचं नाव आणि कुठला सड ते लिहा. बर्फात ठेवून डॉक्टरकडे द्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग निदानाची प्रयोगशाळा आहे. भोर-पुरंदरच्या तायांना साताऱ्याच्या रस्त्याला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. निकालाला तीन-चार दिवस लागतात. तोवर गाय तशीच ठेवायची नाही, डॉक्टर अंदाजाने उपचार सुरू करतील आणि कागद आल्यावर औषध बदलायचं की नाही ते बघतील.

पण दगडी दिसायच्या आधी ती पकडता येते, आणि त्यात खरा पैसा वाचतो. दिसणाऱ्या दगडीपेक्षा न दिसणारी जास्त असते. कास नरम, दूध पांढरंशुभ्र, फक्त रोज अर्धा-एक लिटर कमी. आपण म्हणतो पेंड बदलली म्हणून. ही सुप्त दगडी ओळखायला सीएमटीचं द्रावण मिळतं. ते नसेल तर आपली धुण्याची पावडर चालते. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर विरघळवा. चार वाट्या घ्या, चार सडांच्या चार. प्रत्येकीत थोडं दूध आणि तेवढंच ते पाणी. हलकं गोल फिरवा. दूध पातळच राहिलं तर ठीक. शेंबडासारखं घट्ट होऊन तार धरायला लागलं तर त्या सडात गडबड आहे. गाय नुकतीच व्याली असेल, चीक चालू असेल तेव्हा करू नका, उगाच घाबराल. आणि ते दूध फेकून द्या, वाट्या वेगळ्या ठेवा, त्यात पुन्हा आमटी वाढू नका! (हसू नका, हे झालेलं आहे.)

चाचणी आली म्हणजे लगेच औषध, असंही नाही. सुप्त दगडीत बऱ्याचदा डॉक्टर दूध चालू असताना औषध देत नाहीत, गाय आटवताना देतात. तेही प्रत्येक गाईला डोळे मिटून द्यायचं नाही. युरोपात सरसकट सगळ्या गाईंना आटवताना अँटिबायोटिक भरायची पद्धत होती, ती आता कायद्याने बंद केलीये. नेदरलँड्स नावाचा छोटा देश आहे, दुधासाठी प्रसिद्ध. त्यांनी २००९ नंतरच्या काही वर्षांत जनावरांची अँटिबायोटिकं निम्म्याहून जास्त कमी केली, आणि त्यांच्या डेअऱ्या काही बंद पडल्या नाहीत.

आता धारेबद्दल. इथे मी तुम्हाला काय शिकवणार, माझ्या हाताला धार येत नाही. आजोळी एकदा बसले होते तर गाईने लाथ मारून बादली पाडली. पण डॉक्टरांबरोबर फिरून जे पाहिलं ते सांगते. अंगठा दुमडून धार काढता ना, त्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने काढा. एकच फडकं घेऊन चार गाईंच्या कासा पुसू नका, फडक्यातून रोग फिरतो. आजारी गाय शेवटी काढा. पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर किंवा काळ्या ताटलीत घ्या, गुठळी लगेच दिसते. जमिनीवर सोडू नका. धार झाली की सड पोव्हिडोन आयोडीनच्या सडांसाठीच्या द्रावणात बुडवा, सगळे, रोज, दोन्ही वेळा.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढ्यात गाय शेणात बसली की संपलं. म्हणून वैरण धारेच्या आधी टाकायची नाही, धार झाल्यावर गव्हाणीत टाकायची. गाय उभ्याने खात राहते. आपण नेमकं उलटं करतो, गाय शांत राहावी म्हणून आधी टाकतो. थोडा खुराक आधी द्या, मुख्य वैरण नंतर.

("कोरफडीचं काय? आमच्याकडं पशुसखीनं सांगितलंय.")

बरं झालं विचारलंत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, म्हणजे एनडीडीबी, हा उपाय गावोगाव सांगतं. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, मिक्सरमधून काढायचं. लालसर लगदा होतो. कास धुवून, दूध पूर्ण काढून, लगद्यात थोडं पाणी घालून सगळ्या कासेला लावायचं. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. लगदा रोज ताजा. सोबत रोज दोन लिंबं चिरून खायला. दिवसातून दहा वेळा, हे ऐकून तुमचे चेहरे पडले ते दिसतायत मला. पण दोनदा लावून "गुण नाही आला" म्हणू नका. सुरुवातीच्या, हलक्या दगडीत हे करून बघण्यासारखं आहे, आणि करतानाही डॉक्टरला सांगून ठेवा. पुढचं लक्षण मी मघाशी सांगितलं, ताप आणि चारा सोडणं, तिथे कोरफड नाही.

("औषध चालू असताना फक्त त्या सडाचं दूध फेकायचं ना?")

नाही. चारही सडांचं. औषध रक्तातून बाकीच्या सडांत जातं. आणि औषध संपल्यावरही काही दिवस. किती, ते औषधाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. २०१२ पासून केंद्राचा नियम आहे की दुभत्या जनावराच्या औषधावर दूध किती दिवस वापरायचं नाही ते छापायचं. ठरावीक मुदत नसेल तर दुधासाठी कमीत कमी सात दिवस धरायचे. म्हणून खोकं फेकू नका, गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवा. उकळून चालेल का असंही विचारता तुम्ही. उकळल्याने जंतू मरतात, हट्टी असो की साधा. त्यामुळे बिबवेवाडीच्या तायांनी घाबरून दूध बंद करायचं कारण नाही, उकळून प्या. पण औषध उकळल्याने पूर्ण जात नाही. ते दूध वासरालाही पाजू नका. त्याच्या पोटात पुन्हा तोच विरजणाचा खेळ सुरू होतो. विहिरीपासून लांब खड्डा करून ओता.

भीती वाटावी म्हणून आकडा वाढवून सांगत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांत ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. शंभरात सव्वा. म्हणजे बहुतेक दूध ठीक आहे. पण ते ७७ कुणाच्या तरी गोठ्यातून आले, आणि एक डबा चाळीस जणींच्या दुधात मिसळला की चाळीस जणींचं दूध परत येतं.

आता हिशोब करू. वही काढा. बारा लिटर दूध धरा, लिटरला तीस रुपये धरा. दिवसाचे ३६०. औषध पाच दिवस, त्यानंतर चार दिवस थांबायचं. नऊ दिवस. किती झाले? ३,२४०. वर डॉक्टर आणि औषध वेगळं. त्या ताईंचा हप्ता यापेक्षा कमी होता. म्हणजे त्या ताईंपुढे दोनच रस्ते होते. दूध ओतायचं आणि हप्ता चुकवायचा, किंवा दूध कॅनमध्ये घालायचं आणि हप्ता भरायचा. आपण सगळ्यांनी मिळून, वही उघडून, त्यांना दुसऱ्या रस्त्याकडे ढकललं. मी तर भाषण करून ढकललं.

हे मला कळल्यावर मी आधी गप्प बसले. मग सुपरवायझरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सभेत मांड. पण फक्त चूक सांगू नको, काय करायचं तेही सांग." म्हणून हा ठराव मांडते. पटला तर घ्या, नाहीतर खोडा.

डॉक्टरची चिठ्ठी आणि औषधाचं खोकं दाखवलं की त्या महिन्याचा हप्ता एक महिना पुढे. दंड नाही, वहीत थकबाकीचा शेरा नाही, वेगळ्या रकान्यात "दूध थांबवलं" असं लिहायचं. चिठ्ठी डॉक्टरचीच हवी, म्हणजे आपोआप डॉक्टरला बोलावलं जाईल. दुसरं, प्रत्येक ग्रामसंघाने एक सीएमटी पॅडल, द्रावणाची बाटली आणि पाच निर्जंतुक डब्या घ्यायच्या. ते पशुसखीकडे राहील, महिन्याला एकदा ती गोठे फिरेल. तिचे फिरण्याचे पैसे कुठून, हा प्रश्न मला सुटलेला नाही. तुम्ही सुचवा. फुकट फिर असं मी तिला सांगणार नाही.

(यावर अर्धा तास चर्चा झाली. पुरंदरच्या एका ताईंनी विचारलं, "उद्या प्रत्येकीची गाय आजारी पडली म्हणून सांगेल, मग?" त्यावर चिठ्ठीची तारीख आणि डेअरीच्या दुधाच्या पावत्या ताडून पाहायचं ठरलं, म्हणजे ज्या दिवसांत औषध चालू होतं त्या दिवसांत दूध घातलेलं नसावं. बिबवेवाडीच्या गटातल्या एका काकूंनी पशुसखीच्या फेरीसाठी शहरातल्या गटांनी महिन्याला सदस्यामागे पाच रुपये द्यावेत असं सुचवलं. "दूध आम्हीच पितो ना," म्हणाल्या. हप्त्याचा ठराव सहा महिन्यांसाठी मंजूर झाला. पाच रुपयांचा मुद्दा शहरातल्या गटांच्या मीटिंगमध्ये ठेवायचा आहे, त्यांनी पुढच्या अंकाआधी कळवावं.)

त्या गाईचं काय झालं, हे बऱ्याच जणींनी जेवताना विचारलं. विकली नाही. विकली असती तर दुसऱ्या गोठ्यात तोच जंतू गेला असता, हे ताईंचंच म्हणणं. कागदावर ज्या एका औषधापुढे 'एस' होता ते डॉक्टरांनी गाय आटवताना दिलं. पुढचा एक सड वाचला नाही, गाय तीन सडांवर आहे. दूध आठ लिटर. वैरण आता धार झाल्यावर पडते, आणि सड बुडवायचा प्लास्टिकचा पेला गोठ्याच्या खांबाला दोरीने बांधलाय, कारण नातू तो खेळायला घेऊन जातो.